हवेची गादी घेतली, तरी कूस बदलावीच लागते

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी देखभाल करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. औषधांची नावं आणि मात्रा मुद्दामच दिलेल्या नाहीत. त्या पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायच्या.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्या उभ्याच राहिल्या नाहीत. एअर बेड आणला, तो दिवसरात्र चालू असतो. तरी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आलाय. रोज स्पिरिट आणि पावडर लावून चोळते. गादी खराब निघाली का? (एक सून, नौपाडा)

चोळणं आजपासून बंद करा. गादीकडे नंतर वळू.

त्या डागावर बोट दाबून तीन सेकंद धरा आणि सोडा. बोटाखालची जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथलं रक्ताभिसरण अजून शाबूत आहे. लाली तशीच राहिली, तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा काळपट-जांभळी होते, आजूबाजूपेक्षा गरम लागते किंवा हाताला कडक लागते. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपली जाऊन बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, म्हणून हा डाग येतो. वरून चोळलं की आतल्या याच नाजूक वाहिन्या आणखी फुटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते. आपल्याकडच्या दमट हवेत पावडरीचे घामात गोळे होतात आणि तेच टोचतात.

आता गादी. एअर बेड चालू असला की माणसाला वळवायला नको, हा समज दुकानातून गादीबरोबरच घरी येतो. गादी दाब कमी करते, तो हटवत नाही. शिवाय ती नीट लावलेली असेलच असं नाही. तीन गोष्टी पाहा.

पंपावरचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे असावं. ‘फुल्ल’वर ठेवलेली गादी फळीसारखी कडक होते, ही घरोघर दिसणारी चूक आहे. गादी भरून झाली की सासूबाईंच्या कमरेखाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्या मधे, तळवा वर करून हात सरकवा. हाडाचं टोक थेट तळव्यावर आल्यासारखं वाटलं तर हवा कमी आहे. मधे निदान इंचभर हवा लागायला हवी. एकाआड एक कप्पे फुगतात आणि बसतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. दुसरं, वर एकच सुती चादर, तीही ताणून न खोचता, आणि फार तर सरकवायला लागणारी आडवी चादर. रबरशीट, चौघडी, दोन-दोन अंडरपॅड असे थर चढवले की गादी घेतल्याचा उपयोग उरत नाही. तिसरं, नळी पलंगाच्या कडेला दुमडलेली नाही ना, ते पाहा. वीज जाते तेव्हा साध्या फुगेवाल्या गादीतली हवा हळूहळू उतरते. महावितरणचा दुरुस्तीचा संदेश आला असेल त्या दिवशी कूस लवकर लवकर बदला.

कूस दिवसा दर दोन तासांनी बदलायची. डाग माकडहाडावर आहे, म्हणून सध्या पाठीवर फक्त जेवणापुरतं; बाकी वेळ डावी-उजवी. पूर्ण आडव्या कुशीवर झोपवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, त्यामुळे पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी लावून थोडंसंच कलतं ठेवा, साधारण ३० अंश. एक उशी गुडघ्यांच्या मधे. एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अंथरुणाला न टेकता अधांतरी राहतात. खुब्याचं ऑपरेशन झालं असल्याने पायावर पाय ओलांडू देऊ नका, आणि ऑपरेशनच्या बाजूला वळवायचं का, किती, हे सर्जनना विचारून घ्या. रात्री गादी चांगली असेल आणि सकाळी कातडीवर नवीन खूण नसेल, तर तीन-चार तासांचं अंतर चालतं. तुम्हालाही झोप हवी.

एकट्याने वळवायचं कसं, हे बहुतेकांना कोणी दाखवलेलं नसतं. उजव्या कुशीवर वळवायचं असेल तर आधी त्यांना पलंगाच्या डाव्या कडेकडे सरकवा, म्हणजे वळल्यावर त्या मधोमध येतात. एका दमात ओढू नका: आधी डोकं-खांदे, मग कंबर, मग पाय. आता तुम्ही उजव्या बाजूला या. त्यांचा डावा हात छातीवर, डावा गुडघा वाकवलेला (ऑपरेशन डाव्या बाजूचं असेल तर गुडघा न वाकवता मधली उशी आधीच लावून घ्या). तुमचा एक हात त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे, आणि स्वतःकडे वळवा. स्वतःकडे वळवलं की पेशंट पलंगावरून पलीकडे पडण्याची भीती नाही. कायम खाली अंथरायला खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी दुहेरी चादर ठेवा. दोघं असाल तेव्हा तिच्या कडा अंगालगत गुंडाळून धरा आणि उचलून सरकवा. फरफटत ओढण्याने जेवढी कातडी सोलवटते, तेवढी दुसऱ्या कशाने नाही.

पलंगाची पाठ ३० अंशांपेक्षा वर करून ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी मागेच राहते. जेवणासाठी उंच करावीच लागते, पण आधी गुडघ्याखालचा भाग वर घ्या, मग डोकं. मधे भोक असलेली रिंग, टायरची ट्यूब, टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे, यातलं काहीही नको. कडेला दाब पडून मधला रक्तपुरवठा आणखी अडतो.

कातडी फुटलीच तर नॉर्मल सलाईनने धुवा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग करा. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नका. काळी खपली, घाण वास, ताप किंवा आत पोकळी लागली तर सर्जन. आणि खाणं: जखम भरायला प्रथिनं लागतात, किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या बाईंना ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, पाव लिटर दुधातून ८, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, वाटीभर घट्ट वरणातून ६-७. पेज आणि सूपवर हा हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडून घ्या.

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून नाकातून नळी आहे. भरवताना कधीकधी खोकला येतो, आणि नळी वरचेवर तुंबते. आई म्हणते, चमच्याने चहा द्यायला काय हरकत आहे? (एक मुलगा, नेरुळ)

आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण धोका तिथे जास्त आहे. अर्धांगवायूनंतर सगळ्यात जास्त चुकतं ते पातळ पदार्थ गिळणं. पाणी आणि चहा झरकन घशात उतरतात, श्वासनलिका बंद व्हायला वेळच मिळत नाही. कित्येकदा खोकलाही येत नाही आणि छातीत न्यूमोनिया सुरू होतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. त्यांनी हो म्हणेपर्यंत चमचा नको. तोंडाची चव राखायची असेल तर ओल्या मऊ कापडाने दिवसातून निदान दोनदा दात, जीभ, गाल आतून पुसा. नळीवर असलेल्या माणसाचं तोंड खाणाऱ्यापेक्षा लवकर घाण होतं, आणि ती घाणही छातीतच उतरते.

खोकल्याची कारणं पुढच्या क्रमात सापडतील. हाच क्रम दर वेळी.

नळी घातली तेव्हा नाकपुडीपाशी मार्करची खूण केली असेल. नसेल तर नर्सकडून करून घ्या. भरवण्याआधी ती खूण जागेवर आहे का पाहा. सरकली असेल तर नळी आत ढकलू नका आणि काहीही घालू नका, आधी नर्सला बोलवा. हवा सोडून स्टेथोस्कोपने ‘गुडगुड’ ऐकण्यावर एकट्यावर विसंबू नका, नळी फुप्फुसात असतानाही तसा आवाज येऊ शकतो. पाठ ४५ अंशांपर्यंत वर, ३० च्या खाली कधीच नाही. सिरिंजने हळू मागे ओढा. मागचंच अन्न २०० मिलीच्या आसपास निघालं तर ते परत आत सोडून तासभर थांबा. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर डॉक्टरांना कळवा.

मग ३० मिली कोमट पाणी. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, सिरिंज नाकाच्या वर वीतभर धरा आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्या. २०० ते २५० मिलीला १५ ते २० मिनिटं लागलीच पाहिजेत. घाईने दट्ट्या दाबणं हे खोकल्याचं आणि उलटीचं नेहमीचं कारण आहे. शेवटी पुन्हा ३० ते ५० मिली पाणी, नळीचं तोंड बंद, आणि पुढचा तासभर पाठ वरच. भरवल्या भरवल्या डायपर बदलायला आडवं करणं, ही चूक देखभालीला ठेवलेल्या मावश्या करतात आणि घरचेही करतात. डायपर आधी, भरवणं नंतर. मधेच जोराचा खोकला, धाप, ओठ निळसर दिसले तर नळी दुमडून बंद करा, बसवा, १०८ ला फोन करा.

नळी तुंबते ती बहुधा दूध आणि औषधाची पूड एकत्र आल्याने. गोळ्या एकेक वेगळी कुटा, पाण्यात विरघळवा, दोन औषधांमधे १०-१५ मिली पाणी सोडा. गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर असं असेल किंवा आवरणावर एंटरिक कोटेड लिहिलं असेल तर ती कुटायची नसते. डॉक्टरांकडून पातळ किंवा पर्यायी औषध मागा. मिक्सरमधून काढलेलं वरण-भात-भाजीचं मिश्रण बारीक गाळणीतून दोनदा गाळा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमधलं चोवीस तासांत संपवा किंवा टाका. तुंबलीच तर कोमट पाण्याने हलकं पुढे-मागे. तार, कोल्ड्रिंक, जोराचा दाब, काही नाही. साध्या पीव्हीसी नळीचे आणि सिलिकॉन नळीचे बदलायचे दिवस वेगवेगळे असतात, घालतानाच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त नळी लागणार असेल, तर पोटातून थेट नळी घालण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : बाबांना कॅथेटर आहे, तरी बाजूने लघवी गळते. मोठ्या नंबरचा घालावा का? लघवीच्या तपासणीत जंतू आले आहेत, पण ताप नाही. (वाचक, कळवा)

मोठा नंबर नको. त्याने मूत्राशय जास्त चिडतं आणि गळती वाढते. आधी नळी कुठे दुमडली आहे का, मांडीखाली दबली आहे का, पिशवी भरून वर आली आहे का, ते पाहा. मग पोट साफ होतंय का ते पाहा: कडक झालेला मळ मूत्राशयाला दाबतो आणि लघवी वाट मिळेल तिथून येते. कॅथेटर तुंबलाय असं वाटलं तर घरी धुवून काढू नका, नर्सला बोलवा. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट टणक लागलं, तर ती तातडी आहे.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला टेकलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल बांधा, म्हणजे कूस बदलताना ती ओढली जात नाही. आतला फुगा फुगलेला असताना नळी ओढली गेली तर मूत्रमार्ग फाटून रक्त येतं. रोज साबण-पाण्याने नळी शरीरात शिरते तो भाग धुवा, डेटॉल नको.

कॅथेटर बरेच दिवस राहिला की लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, कमरेत दुखणं, अचानक गोंधळलेपणा यांपैकी काही नसेल, तर केवळ रिपोर्टसाठी अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. पुढे खरंच लागेल तेव्हा ते लागू पडत नाही. लघवी फक्त आवरत नाही म्हणून कॅथेटर घातला असेल तर पुरुषांसाठी बाहेरून चढवायचा कंडोम कॅथेटर हा बरा पर्याय आहे, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, आणि आजींना जांघेत लालभडक चट्टे उठतात. डायपरचाच त्रास का? (एक नात, घोडबंदर रोड)

डायपरपेक्षा ओल. शी झाली की लगेच आणि नुसती लघवी असेल तरी तीन-चार तासांनी बदला. कोमट पाण्याने धुवा, पुढून मागे. घासू नका, टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा. दिवसातून तासभर डायपर सोडून नुसत्या अंडरपॅडवर पंख्याखाली ठेवा. लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या असतील तर ती बुरशी आहे, तिला बुरशीचं मलम लागतं. घरातल्या स्टेरॉइडच्या मलमाने चार दिवस बरं वाटतं आणि मग ती पसरते. पोटाच्या वळीत आणि स्तनांखालीही पाहा. चादरी वाळत नाहीत तर आडव्या चादरी सहा-आठ ठेवा, मोठ्या कमी. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून लाल खूण करून कचऱ्यात वेगळे द्या, सुया त्यात टाकू नका.

प्रश्न : आम्ही वाशीला जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. वडिलांना दर महिन्याला तपासणीला न्यायचं कसं? (वाचक, वाशी)

दर महिन्याला न्यायलाच हवं का, हे आधी डॉक्टरांना विचारा. रक्त घरी घेतलं जातं, कॅथेटर आणि नळी घरी बदलता येते, पोर्टेबल एक्स-रे आणणारे मिळतात, काही सल्ला फोनवर होतो. वर्षातल्या बारा फेऱ्यांच्या तीन-चार झाल्या तरी पुष्कळ.

न्यावंच लागलं तर चादरीची झोळी करू नका. खांदा निखळतो, आणि जिन्याच्या वळणावर उचलणारा कोणी घसरला की सगळेच खाली. खासगी रुग्णवाहिकेला आदल्या दिवशी चार गोष्टी सांगा: मजला, लिफ्ट नाही, जिन्याची रुंदी, पेशंटचं वजन. ‘स्टेअर चेअर’ (जिन्यावरून न्यायची खुर्ची) आणि चार माणसं मागा. साधी व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा, पेशंटला पट्ट्याने किंवा ओढणीने छातीपाशी बांधा, खुर्ची मागे कलती करा. उतरताना पेशंटचं तोंड खाली उतरण्याच्या दिशेला, आणि सगळ्यात ताकदवान माणूस वर, मागच्या दांड्यांशी. खालचे दोघं मुख्य सांगाड्याला धरतात. हात ठेवायची आणि पाय ठेवायची जागा निघून येते, तिला धरायचं नाही. अर्धांगवायूच्या बाजूचा हात मांडीवर बांधून ठेवा, तो लोंबकळता सोडला की खांदा सरकतो.

निघण्याआधी कॅथेटरची पिशवी रिकामी, नळीतून भरवणं तासभर आधी बंद. वेळ सकाळची घ्या. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे ठाण्याकडे जायचं असेल तर परतीपर्यंत एक डायपर आणि दोन वेळचं भरवणं सोबतच लागतं. १०८ ही तातडीची सेवा आहे, तपासणीच्या फेरीसाठी ती धरून चालू नका.

प्रश्न : आईची सही आता येत नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला आणि बँकेतून पैसे काढणं कसं? (एक मुलगी, ऐरोली)

दाखल्यासाठी बँकेत न्यायची गरज नाही. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अ‍ॅप घरच्या कुणाच्याही फोनवर घेऊन चेहऱ्याची पडताळणी होते. चेहऱ्यावर समोरून उजेड ठेवा आणि आईंना पापण्या मिटून उघडायला सांगा. नेहमीची वेळ नोव्हेंबर. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. पोस्टमनही घरी येऊन करून देतात.

बँकेसाठी अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरील आणि आजारी खातेदारांसाठी घरपोच बँकिंगची सोय आहे, शाखेत लेखी अर्ज द्या. हे सगळं आईंना कळतंय तोवरच. समज राहिलेली नसताना घेतलेला ठसा अडचणीत आणतो. तेव्हा उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यासाठी वकील गाठा. आज समज आहे तर जॉइंट खातं आणि नॉमिनी आजच करा.

प्रश्न : ब्युरोतून मावशी ठेवायच्या आहेत. काय विचारावं? (वाचक, पाचपाखाडी)

अनुभव किती वर्षांचा हे विचारण्याऐवजी पहिल्याच दिवशी तुमच्या समोर कूस बदलायला सांगा. ओढतात की उचलतात, टाचांकडे बघतात का, हात धुऊन सुरुवात करतात का, पाच मिनिटांत कळतं. नखं कापलेली, हातात अंगठी-बांगड्या नाहीत. नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन ही मावशींची कामं नव्हेत, त्याला नर्स लागते. पैसे वाचतात म्हणून त्यांच्याकडून करून घेऊ नका. चोवीस तासांच्या मावशींना रात्री सलग झोप मिळायला हवी, म्हणजे रात्रीची एक पाळी घरच्यांची. पोलीस पडताळणी आणि आधारची प्रत घ्या.

दाराच्या मागे एक कागद लावा: वेळ, कुठली कूस, भरवलेले मिली, लघवी, शी, सही. तीन दिवस शी नाही, किंवा घट्ट झालेली नसताना सारखं पाणी पाणी होतंय, हे दोन्ही त्या कागदावरच आधी दिसतं. दुसऱ्या प्रकारात जुलाब थांबवायचं औषध देण्याआधी डॉक्टरांकडून गुदद्वारात बोटाने तपासून घ्या. आत शीचा कडक खडा अडकलेला असला की त्याच्या बाजूने पातळ झिरपत राहतं, आणि जुलाब थांबवण्याच्या औषधाने तो खडा आणखी पक्का होतो.